नवी मुंबईत शिफ्ट होताय, मूल नववीत जातंय आणि त्याला डिस्लेक्सिया आहे? शाळा शोधताना नेमकं काय अडतं?

तारीख २१ डिसेंबर २००७. ‘तारे जमीं पर’ थिएटरला लागला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला. त्यातला ईशान तिसरीत असतो. आईवडील त्याला मुंबईच्या शाळेतून काढतात आणि बोर्डिंगमध्ये टाकतात. तिथं त्याला निकुंभ सर भेटतात, त्याची अडचण ओळखतात आणि गोष्ट मार्गी लागते.

पण हाच ईशान १४ वर्षांचा असता तर? नववीत जाणारा असता आणि वडिलांची बदली झाल्यामुळे शहर बदलावं लागलं असतं तर? निकुंभ सर भेटायच्या आधी त्याला अॅडमिशनच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारला गेला असता, ‘सर्टिफिकेट आहे का?’

नवी मुंबईत हा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा होतोय. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी, उलवे-खारघर-पनवेलमध्ये घर, असं गणित मांडून बाहेरगावची कुटुंबं इथं येतात. घर शोधायला ब्रोकर आहे, सामान हलवायला पॅकर्स आहेत. पण अध्ययन अक्षमता, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या मुलासाठी हायस्कूल शोधायचं असेल, तर पालकांना सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही.

या मुलांचे हक्क कायद्यानं देशभर सारखे आहेत. अडचण होते ती तो हक्क चालू करणाऱ्या कागदाची आणि तो वर्गात राबवणाऱ्या माणसाची. त्यातही नववी-दहावीच्या दोन वर्षांत सगळ्या मुदती एकमेकींवर आदळतात.

एक उदाहरण घेऊ

समजा, इंदूरचं एक मराठी कुटुंब आहे. बाबांची बदली ऐरोलीला झाली. मुलगा सीबीएसईच्या शाळेतून आठवी पास झालाय. दहा वर्षांचा असताना त्याला डिस्लेक्सिया आणि डिस्ग्राफियाचं सरकारी प्रमाणपत्र मिळालं होतं. जुन्या शाळेत त्याला जास्तीचा वेळ मिळायचा, बाई तोंडी परीक्षा घ्यायच्या, शुद्धलेखनाच्या चुकांचे मार्क कापत नसत. आता तो १४ वर्षांचा झालाय.

कागदावर बघितलं तर सगळं ठीक आहे. बोर्ड तेच, प्रमाणपत्र हातात, नववीला प्रवेश. प्रत्यक्षात या कुटुंबासमोर किमान चार अडथळे आहेत.

आधी कायदा काय सांगतो ते बघू

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ हा त्यातला एक. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लिहिण्याची डिस्ग्राफिया, आकडेमोडीची डिस्कॅल्क्युलिया. मूल हुशार असतं, उत्तर तोंडी सांगतं, पण तेच कागदावर उतरवताना अडखळतं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं, इंग्रजीत स्पेलिंग. त्रास दोन्हीकडे होतो.

या कायद्याचं कलम १६ सांगतं की सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शैक्षणिक संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची. इथं ‘मान्यता असलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. म्हणजे खासगी शाळाही यात येतात. ‘आमच्याकडे अशी मुलं घेत नाहीत’ असं म्हणायची मुभा कायदा देत नाही.

कलम ३१ आणखी पुढं जातं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे का महत्त्वाचं? कारण शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, १४ वर्षांपर्यंत आणि आठवीपर्यंतच जातो. नववीत पाऊल टाकलं की आरटीईचं छत्र संपतं. त्यापुढं या मुलांच्या हातात दिव्यांग हक्क कायदाच उरतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. २१ प्रकारांच्या यादीत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. ‘स्लो लर्नर’ म्हणून ओळखली जाणारी मुलंही त्यात येत नाहीत. अशा मुलांना मदत लागतेच, पण कायद्याचा आधार घेताना त्यांच्या पालकांची बाजू कमकुवत पडते. एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमताही आहे का, हे तपासून घेणं म्हणूनच गरजेचं असतं.

अडथळा पहिला : प्रमाणपत्राचं वय

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर वैध असतं, असं याच कायद्याचं कलम ५८ सांगतं. म्हणजे इंदूरचं प्रमाणपत्र नवी मुंबईत चालायला हवं. मग अडतं कुठं?

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राला वयाची अट आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षांनंतर हे प्रमाणपत्र मिळतं. मग १४ व्या वर्षी पुन्हा तपासणी आणि १८ व्या वर्षी आणखी एकदा. १८ व्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

आता १४ वर्षं म्हणजे साधारण आठवी-नववी. बोर्डाकडे नोंदणी होते ती नववीत. म्हणजे जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपते ती नेमकी नव्या प्रमाणपत्राची गरज असते तेव्हाच. त्याच वर्षी कुटुंबानं शहर बदललं तर पत्त्याचा पुरावा नवा, हॉस्पिटल नवं आणि रांगेत नंबरही पहिल्यापासून.

ही तपासणी एका दिवसात होत नाही. आधी बालरोगतज्ज्ञ तपासतात, डोळे आणि कान नीट आहेत का बघतात. मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकाची चाचणी घेतात. त्यानंतर अध्ययन अक्षमतेची चाचणी होते. त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं तयार केलेल्या चाचण्या वापरल्या जातात. त्यामुळे फेऱ्या माराव्या लागतात आणि तारखा मिळवाव्या लागतात. खासगी क्लिनिकचा रिपोर्ट मुलाला समजून घ्यायला उपयोगी पडतो, पण तो म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे.

यावर नियमांतच एक वाट आहे. प्रमाणपत्रासाठी राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या मुलावर उपचार झालेत तिथंही करता येतो. म्हणजे इंदूरच्या ज्या हॉस्पिटलमध्ये मुलाची फाइल आहे, तिथंच १४ व्या वर्षीची तपासणी उरकून मग सामान बांधणं जास्त शहाणपणाचं.

अडथळा दुसरा : नवी मुंबई एक, जिल्हे दोन

बाहेरून येणाऱ्याला नवी मुंबई हे एकच शहर वाटतं. कागदावर तसं नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हा भाग नवी मुंबई महापालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा भाग २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. नेरूळहून खारघर हे लोकलनं तिसरं स्टेशन. पण भाडेकरारावर खारघर लिहिलं की जिल्हा रुग्णालय होतं अलिबागचं.

म्हणून फ्लॅट बघताना शाळा किती लांब यासोबतच हा पत्ता कोणत्या जिल्ह्यात येतो, हेही विचारावं लागतं. अध्ययन अक्षमतेची तपासणी करणारे तज्ज्ञ प्रत्येक सरकारी रुग्णालयात असतीलच असं नाही. मुंबई महानगरात अनेक वर्षं पालकांचा ओढा राहिलाय तो सायन, केईएम आणि नायर या हॉस्पिटलांकडे. तिथली अनुभवी क्लिनिक्स ही मोठी जमेची बाजू, पण गर्दीही तितकीच.

नवी मुंबईतही काही आधार आहेत. वाशीत महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांचं शिक्षण, प्रशिक्षण आणि थेरपी यासाठी ते ओळखलं जातं. खारघरला केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मुंबईत १९९६ पासून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन काम करते. शाळांच्या याद्या बघत बसण्याआधी अशा ठिकाणी एक फेरी मारली, तर ‘कोणत्या शाळेत अशी मुलं प्रत्यक्ष शिकतायत’ हे कळायची शक्यता जास्त.

अडथळा तिसरा : बोर्ड आणि विषय

शाळा निवडणं म्हणजे खरं तर बोर्ड निवडणं. आणि इथं घाई महागात पडते.

सीबीएसईत नववी-दहावी हा एकच सलग अभ्यासक्रम मानला जातो. नववीत नोंदणी झाली की दहावीला शाळा बदलता येते, पण पालकांची बदली किंवा तसंच ठोस कारण लागतं आणि बोर्डाची परवानगीही. त्यामुळे बदली टळणार नसेल, तर ती नववीच्या सुरुवातीला झालेली बरी. नववीचं अर्धं वर्ष झाल्यावर किंवा दहावीत शहर बदललं तर मुलाचे हाल होतात.

सवलतींचं काय? सीबीएसईत या मुलांना दोनऐवजी एकच भाषा घेऊन बाकी चार विषय निवडता येतात. तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो. गणितात ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन पर्याय सगळ्यांनाच आहेत.

राज्य मंडळात, म्हणजे एसएससीला, महाराष्ट्रानं अशा सवलती १९९० च्या दशकातच सुरू केल्या. देशात याबाबत महाराष्ट्र पुढे होता. जास्तीचा वेळ, लेखनिक म्हणजे पालकांच्या भाषेत ‘रायटर’, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी दुसरा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित अशा तरतुदी आहेत. शाळा प्रस्ताव बनवते आणि विभागीय मंडळाकडे पाठवते. योगायोग असा की मुंबई विभागाचं हे कार्यालय वाशीतच आहे आणि ठाणे-रायगड दोन्ही जिल्हे त्याच्याखाली येतात. प्रमाणपत्राचा जिल्हा वेगळा असला, तरी सवलतीचा प्रस्ताव जातो एकाच दारात.

तिसरा पर्याय एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. इथं दहावीला पाच विषय लागतात, गणित सक्तीचं नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक विषय सोडवत पुढं जाता येतं. सारखी बदली होणाऱ्या कुटुंबाला हे सोयीचं. पण रोजची शाळा, वर्ग, मित्र यांची जागा एनआयओएस भरून काढत नाही आणि १४ वर्षांच्या मुलाला त्याचीही गरज असते.

इथं एक इशारा द्यायला हवा. गणित सोडलं की दहावी सोपी होते, पण सायन्स-गणित घेऊन पुढं जायची किंवा डिप्लोमाची वाट अवघड होते. ज्याला वाचता येत नाही, पण यंत्र उघडून जोडता येतं, अशा मुलाचं गणित ‘झंझट नको’ म्हणून काढून टाकणं हा त्याच्यावर अन्याय ठरू शकतो. सवलत मुलाच्या अडचणीनुसार घ्यायची. शाळेच्या निकालाची टक्केवारी वाढावी म्हणून नव्हे.

अडथळा चौथा : मराठी

२०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली आणि ती दहावीपर्यंत पोहोचली.

आपल्या उदाहरणातला मुलगा घरी मराठी बोलतो, देवनागरी त्याला हिंदीमुळे येते, पण मराठी लिहायला तो कधी शिकलेला नाही. हैदराबाद किंवा कोलकात्याहून आलेल्या मुलाला तर भाषाही नवी आणि लिहिणंही. ज्याला आधीच दोन भाषा वाचताना घाम फुटतो, त्याच्यासमोर नववीत आणखी एक भाषा येते.

भाषेतून सूट देण्याची सीबीएसईची सवलत ही बोर्डाची गोष्ट. मराठीची सक्ती ही राज्याच्या कायद्याची. दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. म्हणून ‘मराठीचं काय करणार, मूल्यमापन कसं करणार’ हे प्रवेशाआधीच शाळेकडून लेखी घेतलेलं चांगलं. मराठी शिकायला हरकत नसावी. ऐकून, बोलून, गाणी-नाटकातून ती उत्तम शिकता येते. मूल अडतं ते लेखी परीक्षेत.

शाळा ‘इन्क्लुझिव्ह’ आहे, हे कसं ओळखायचं?

आजकाल वेबसाइटवर ‘इन्क्लुझिव्ह’ हा शब्द सगळ्याच शाळा लिहितात. खरी परीक्षा शाळेत गेल्यावर होते. मुख्याध्यापकांना हे प्रश्न विचारून बघा :

– स्पेशल एज्युकेटर पूर्णवेळ आहेत की आठवड्यातून एकदा येतात? नववी-दहावीच्या वर्गांत त्या प्रत्यक्ष काम करतात का?
– जास्तीचा वेळ आणि रायटर फक्त बोर्डाच्या परीक्षेला की युनिट टेस्टलाही?
– गेल्या दोन-तीन वर्षांत किती मुलांचे सवलतीचे प्रस्ताव शाळेनं बोर्डाकडे पाठवले?
– मुलासाठी वेगळा अभ्यास आराखडा बनतो का? तो विषय शिक्षकांपर्यंत पोहोचतो का?
– शॅडो टीचर किंवा रेमेडियल क्लासचे पैसे वेगळे आहेत का?

यातला युनिट टेस्टचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या मुलानं दोन वर्षं रायटर वापरलाच नाही, त्याला दहावीच्या पेपरला अचानक अनोळखी रायटर दिला तर तो सांगणार कसा आणि समोरचा लिहिणार काय? सवलत वापरायचीही सवय लागते.

आणि मुलाला सोबत न्यायला विसरू नका. १४ वर्षांच्या मुलाला आपली अडचण चारचौघांत सांगायची नसते. नव्या शाळेत कोणाला कळू द्यायचं आणि कोणाला नाही, हे त्याच्याशी बोलून ठरवावं लागतं.

नेहमीच्या शाळेत जमतच नसेल तर फक्त अशा मुलांसाठीच्या शाळाही आहेत. वाशीहून खाडी ओलांडली की गोवंडीला २०१२ पासून गेटवे स्कूल आहे. पण अशा शाळा मोजक्याच आणि त्या प्रत्येक घराच्या आवाक्यात असतात असं नाही.

शाळेनं नकार दिला तर?

नकार क्वचितच थेट येतो. ‘सीट भरल्या’, ‘आमच्याकडे सोय नाही, तुमच्याच मुलाला त्रास होईल’, असं गोड भाषेत सांगितलं जातं. अशा वेळी प्रवेशाचा अर्ज आणि प्रमाणपत्राची प्रत ईमेलनं पाठवून लेखी उत्तर मागणं ही पहिली पायरी. त्यानंतर शिक्षणाधिकारी. त्यापुढं राज्याचे दिव्यांग आयुक्त, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे आणि सुनावणीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे निकालही पालकांच्या बाजूनं आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगत्वापुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, डिस्ग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला नीटमध्ये जास्तीचा वेळ न देणं चुकीचं होतं, असा निकाल आला. पण तोवर तिची परीक्षा होऊन गेली होती.

मग खरी अडचण कुठं आहे?

माणसं कमी आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं. प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक आणि त्यापुढं १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की राज्यांनी ही पदं मंजूर करून जाहीर करावीत. म्हणजे तीन वर्षांनंतरही गोष्ट पदं जाहीर करण्यापाशीच होती.

जोवर शाळेत असा शिक्षक नाही, तोवर सगळा भार प्रमाणपत्रावर येतो. आणि प्रमाणपत्राचा भार आईवर, कारण सुट्टी टाकून हॉस्पिटलच्या रांगेत बहुतेक वेळा तीच उभी असते. ज्यांच्याकडे पैसा आणि माहिती आहे ते खासगी थेरपिस्ट, रेमेडियल क्लास असा रस्ता काढतात. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या मुलावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शिक्का बसतो आणि नववीत नापास झाल्यावर शाळा सुटते.

म्हणून बदलीची ऑर्डर हातात आली की क्रम उलटा लावावा लागतो. आधी प्रमाणपत्र, मग बोर्ड, मग शाळा आणि शेवटी घर. बहुतेक कुटुंबं नेमकं याच्या विरुद्ध करतात, कारण टोकन घराचं द्यायचं असतं. पण भाडेकरार अकरा महिन्यांनी बदलता येतो. नववीची नोंदणी मात्र एकदाच होते.